दिवाळें निघालेल्या नगरीचा महापौर



महापौर हा शब्द आपल्या कानांना सवयीचा आहे. परंतु तो उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें अमेरिकेंतील नागरिकाच्या डोळ्यांपुढें उभें राहत नाहीं. मुंबईचा महापौर नगरसेवक आपल्यांतून निवडतात. तो सभेचें अध्यक्षस्थान घेतो, थोर पाहुण्यांचें स्वागत करतो. पण कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांच्या कमरेला असतात. १८८८ च्या कायद्यापासून हीच रीत चालत आली आहे. अमेरिकेंतील पुष्कळ मोठ्या शहरांत याच्या अगदीं उलट पद्धति आहे. तेथें महापौराला नागरिक थेट मतें देऊन निवडतात, आणि पोलिसांपासून कचऱ्याच्या गाड्यांपर्यंत बहुतेक सर्व खात्यांचे प्रमुख तोच नेमतो. त्यामुळें शहर बुडालें तर लोक महापौराला जाब विचारतात. आणि बुडालेलें शहर वर काढूं असें म्हणणाऱ्यालाही प्रथम त्या पदाची निवडणूक लढवावी लागते. अशाच एका चमत्कारिक निवडणुकीची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे. नगरी डेट्रॉइट, आणि साल २०१३.

डेट्रॉइट ही मोटारींची नगरी. हेन्री फोर्ड यांनीं १९१३ सालीं, या शहराच्या पोटांतच वसलेल्या हायलंड पार्क या लहानशा गांवीं, सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्यास आरंभ केला आणि पुढच्याच वर्षीं कामगारांना दिवसाकांठीं पांच डॉलर मजुरी जाहीर केली. दक्षिणेकडील शेतमजूर, पोलंड-इटलीकडील निर्वासित, जो तो डेट्रॉइटची वाट धरूं लागला. १९५० च्या शिरगणतींत शहराची वस्ती १८ लाख ४९ हजारांवर भरली. अमेरिकेंतील शहरांत त्याचा नंबर पांचवा होता. २०१० च्या शिरगणतींत तीच वस्ती ७ लाख १३ हजारांवर आली. साठ वर्षांत दर पांच माणसांपैकीं तीन माणसें नाहींशीं झालीं!

पुष्कळ जण या पडझडीचा आरंभ १९६७ च्या उन्हाळ्यांतील दंगलीपासून मोजतात. त्या दंगलींत ४३ माणसें मेलीं, हें खरें. पण आंकडे निराळीच साक्ष देतात. १९६० सालींच वस्ती १६ लाख ७० हजारांवर उतरली होती. पॅकार्ड मोटारींचा अवाढव्य कारखाना १९५६ मध्यें बंद पडला होता. कारखाने उपनगरांत, जेथें मोकळी जमीन स्वस्त होती तेथें, चालले होते. त्यांच्या मागोमाग रुंद राजरस्त्यांवरून गोरीं कुटुंबेंही चाललीं होतीं. आणि ते राजरस्ते बांधण्यासाठीं काळ्या लोकांच्या जुन्या पेठा जमीनदोस्त केल्या जात होत्या. दंगल हा रोगाचा ताप होता. रोग आधींपासूनच अंगांत भिनलेला होता.

माणसें कमी झालीं म्हणून शहर कांहीं आकसत नाहीं. सुमारे १४० चौरस मैलांचें क्षेत्र तेवढेंच राहिलें. तेवढेच रस्ते, तेवढेच नळ, तेवढेच दिव्यांचे खांब. शिवाय जे कामगार अठरा लाखांच्या शहराच्या चाकरींत होते, त्यांचीं निवृत्तिवेतनें आतां सात लाखांच्या शहरानें द्यावयाचीं. कर वाढवावे तर ज्याला शक्य असेल तो गांव सोडून जातो, आणि मागें राहिलेल्यावरचा बोजा आणखी वाढतो. त्यांतच एक महापौर, क्वामे किल्पॅट्रिक, २००८ सालीं पद सोडून गेले आणि पुढें लांचलुचपतीच्या गुन्ह्यांत दोषी ठरले. त्यांच्या नांवावर सर्व पाप घालून मोकळें होणें सोपें आहे. परंतु एका माणसाच्या चोरीनें एवढी मोठी नगरी बुडत नाहीं.

मार्च २०१३ मध्यें मिशिगन राज्याचे गव्हर्नर रिक स्नायडर यांनीं केव्हिन ऑर या वकिलाची डेट्रॉइटवर आणीबाणीचा व्यवस्थापक म्हणून नेमणूक केली. महापौर आणि नगरसभा या दोघांचेही अधिकार त्यांच्या हातीं गेले. येथें एक तपशील सांगितल्यावांचून पुढें जावत नाहीं. असे व्यवस्थापक नेमण्याचा कायदा राज्याच्या मतदारांनीं नोव्हेंबर २०१२ मध्यें सार्वमत घेऊन रद्द केला होता. विधिमंडळानें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नवा कायदा केला, आणि त्यांत खर्चाची एक तरतूद घालून ठेवली. कारण खर्चाची तरतूद असलेल्या कायद्याविरुद्ध त्या राज्यांत सार्वमत मागतां येत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें सर्व कांहीं यथास्थित झालें. लोकांना काय वाटलें असेल, तें आपण जाणूं शकतों. मुंबईच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथें प्रशासकाचा अंमल राहिला; तेव्हां गटार तुंबलें कीं जायचें कोणाकडे, हा प्रश्न आपल्याही लोकांनीं विचारला आहे.

ऑर यांच्या २०१३ च्या अहवालांत शहराची जी अवस्था वर्णिली आहे, ती वाचतांना मन विषण्ण होतें. रस्त्यांवरील शेंकडा ४० दिवे बंद. पोलिसांना बोलावलें तर ते यावयास सरासरी ५८ मिनिटें. ३६ रुग्णवाहिकांपैकीं एकतृतीयांशांच्या आसपासच चालूं स्थितींत. ओसाड इमारती सुमारे ७८ हजार. १८ जुलै २०१३ रोजीं शहरानें न्यायालयांत नादारीचा अर्ज केला. कर्जाचा आंकडा १८ अब्ज डॉलरांच्या घरांत होता. अमेरिकेंत एवढ्या मोठ्या नगरीनें त्यापूर्वीं कधीं हात वर केले नव्हते.

आणि नेमक्या याच उन्हाळ्यांत महापौराची निवडणूक आली! ज्या पदाला त्या क्षणीं सहीपुरताही अधिकार उरला नव्हता, त्या पदासाठीं डझनाहून अधिक लोक उभे राहिले. त्यांपैकीं एक माइक डग्गन. जन्म डेट्रॉइटचा, पण वाढलेले लिव्होनिया या उपनगरांत. कांहीं काळ वेन परगण्याचे सरकारी वकील; नंतर २००४ पासून डेट्रॉइट मेडिकल सेंटर या डबघाईस आलेल्या रुग्णालय-समूहाचे प्रमुख; तो त्यांनीं सांवरला होता. २०१२ मध्यें ते निवडणुकीच्याच हेतूनें शहरांत राहावयास आले. शहर शेंकडा ८० हून अधिक काळ्या लोकांचें. रोमन ग्रिब्ज १९७४ च्या आरंभीं पायउतार झाल्यापासून तेथें एकही गोरा महापौर झालेला नव्हता. आणि हा गृहस्थ गोरा, त्यांतून उपनगरांतला. विरोधकांना याहून सोयीचें हत्यार कोणतें?

डग्गन यांच्यावर घाला मात्र दुसऱ्याच बाजूनें आला. शहराच्या सनदेप्रमाणें उमेदवारानें अर्ज भरतेवेळीं शहराचा मतदार होऊन एक वर्ष पूर्ण झालेलें पाहिजे. डग्गन यांनीं मतदार म्हणून नांव नोंदविलें १६ एप्रिल २०१२ रोजीं आणि अर्ज भरला २ एप्रिल २०१३ रोजीं. अर्ज भरण्याची मुदत मेच्या मध्यापर्यंत होती. पंधरा दिवस थांबले असते तर कोणी बोट दाखवूं शकलें नसतें; उतावळेपणा नडला. एका प्रतिस्पर्ध्यानें दावा लावला आणि जून महिन्यांत न्यायालयानें त्यांचें नांव मतपत्रिकेवरून काढून टाकलें. वरिष्ठ न्यायालयानेंही तोच निकाल कायम केला. डग्गन यांनीं आपण शर्यतींतून बाहेर पडत असल्याचें सांगितलें.

कांहीं दिवसांनीं ते परत आले. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांच्या मतपत्रिकेवर छापील नांवांच्या खालीं एक कोरी ओळ असते. मतदारानें तेथें आपल्या मनांतील माणसाचें नांव स्वहस्तें लिहावयाचें. या मार्गानें सहसा कोणी निवडून येत नाहीं. थट्टेनें कोणी चित्रपटांतील पात्राचें नांव लिहितो, कोणी शेजाऱ्याचें. एवढाच त्या ओळीचा उपयोग. डग्गन यांनीं घरोघरच्या दिवाणखान्यांत बैठका घेतल्या, आणि लोकांना दोन गोष्टी शिकविल्या: नांव लिहावयाचें, आणि त्याच्या शेजारचें वर्तुळ काळें करावयास विसरावयाचें नाहीं. इतक्यांत केशकर्तनाचा धंदा करणारा एक मनुष्य, ज्याचें नांव उच्चारांत डग्गन यांच्या नांवासारखेंच होतें, तोही कोऱ्या ओळीचा उमेदवार म्हणून पुढें आला. आपल्याकडील निवडणुकांत नामसाधर्म्याचे उमेदवार उभे राहतात. ही विद्या सातासमुद्रांपलीकडेही जाऊन पोहोंचली आहे, याचें मला थोडें कौतुकच वाटलें.

६ ऑगस्टला प्राथमिक फेरीचें मतदान झालें आणि ज्याचें नांव छापलेलेंच नव्हतें तो माणूस पहिला आला. मागाहून परगण्याच्या मोजणीमंडळानें हरकत घेतली कीं हजारों हस्तलिखित मतांची नोंद केंद्रांवरील अधिकाऱ्यांनीं विहित रीतीनें, म्हणजे एकेका मतामागें एकेक रेघ ओढून, केलेली नाहीं. तेव्हां तीं मतें धरूं नयेत. अखेर राज्याच्या मंडळानें मतें तपासून निकाल दिला, आणि डग्गन यांची आघाडी कमी न होतां उलट वाढली. ५ नोव्हेंबरच्या अंतिम लढतींत त्यांचें नांव छापून आलें. त्यांनीं परगण्याचे शेरीफ बेनी नेपोलियन यांचा ५५ विरुद्ध ४५ असा पराभव केला. मतदानास मतदारांपैकीं सुमारे चौथा हिस्साच आला होता. हेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर चित्र उगाच उजळ दिसेल.

मला या सर्व प्रकारांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटते ती ही. ज्या लोकांच्या हातांतून त्यांच्या शहराचा कारभार काढून घेतला होता, ते अधिकारहीन पदासाठीं कोऱ्या ओळीवर अक्षरें लिहावयास गेले कशाला? एक उत्तर असें कीं रात्रीं दिवा लागावा, एवढीच त्यांची मागणी होती. रुग्णालय सांवरणारा माणूस दिवेही लावील, असें त्यांना वाटलें. तें खोटें नाहीं. दुसरें उत्तर मला अधिक पटतें. व्यवस्थापक येतो तो जमाखर्च जुळविण्यासाठीं, आणि जुळला कीं जातो. त्याच्या दारांत उभें राहून "आमच्या गल्लींतला दिवा कां बंद?" असें विचारण्याचा हक्क कोणाला नसतो. महापौराला तें विचारतां येतें. चार वर्षांनीं त्याला पुन्हां दारीं यावयाचें असतें. डग्गन यांनीं पदग्रहणापूर्वींच ऑर यांच्याशीं बोलणीं करून पोलीस आणि तिजोरी वगळतां रोजचा बहुतेक कारभार आपल्याकडे घेतला. ऑर यांनीं तो दिला, हें त्यांचें शहाणपण. डिसेंबर २०१४ मध्यें नादारी संपली आणि ऑरही गेले.

दिव्यांचा विषय निघाला आहे तर डेट्रॉइटच्या आणखी एका महापौराचें नांव घेतलेंच पाहिजे. हेझन पिंग्री हे जोड्यांचे कारखानदार. यादवी युद्धांत लढलेले, शत्रूच्या बंदिवासांत राहिलेले. १८८९ सालीं धनिकांनींच त्यांना निवडून आणलें, आणि नंतर पस्तावले! कारण ट्रामकंपनी लोकांकडून जास्त भाडें घेते, दिव्यांचें कंत्राट महाग पडतें, हें ध्यानीं येतांच पिंग्री कंपन्यांवर उलटले. शहराचें स्वतःचें वीजघर असावें असा आग्रह त्यांनीं धरला आणि १८९५ मध्यें तें सुरूही झालें. १८९३ च्या मंदींत बेकारांची दैना झाली, तेव्हां ओसाड पडलेल्या भूखंडांवर गरिबांना बटाटे लावूं द्यावे, अशी कल्पना त्यांनीं काढली. लोक हंसले, व्यंगचित्रें निघालीं. पिंग्री यांनीं आपला आवडता घोडा विकून बियाण्याला पैसे उभे केले. १८९४ च्या हंगामांत चारशेंहून अधिक एकरांवर नऊशेंहून अधिक कुटुंबांनीं पीक काढलें, आणि दुसरीं शहरेंही त्यांचें अनुकरण करूं लागलीं. पुढें हे गृहस्थ राज्याचे गव्हर्नर झाले, तेव्हां दोन्ही पदें एकदमच सांभाळीन म्हणूं लागले. न्यायालयाला त्यांना एक पद सोडावयास लावावें लागलें.

पिंग्री यांनीं उभें केलेलें तेंच दिव्यांचें खातें २०१३ मध्यें मरणपंथास लागलें होतें. यंत्रें जुनाट, आणि तारांतील तांबें चोर कापून नेत. नव्या दिव्यांसाठीं वेगळें मंडळ निर्माण झालें होतें. त्यानें सुमारे साडेअठरा कोटी डॉलर खर्चून डिसेंबर २०१६ पर्यंत ६५ हजार नवे एलईडी दिवे लावले. तारा तांब्याऐवजीं ॲल्युमिनियमच्या घातल्या, म्हणजे चोराला त्यांत कांहीं मिळूं नये. या मंडळाचा कायदा डग्गन येण्यापूर्वींचा आहे. म्हणून सर्व यश त्यांच्या पदरांत घालणें बरोबर नाहीं. पण काम रेंगाळूं न देणें हेंही कामच आहे.

ओसाड घरांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. २०१४ मध्यें शहरांतील सुमारे पावणेचार लाख मिळकतींची एकेक करून पाहणी झाली. पडीक इमारती आणि रान माजलेले भूखंड मिळून ८४ हजारांहून अधिक मिळकती निघाल्या. केंद्र सरकारच्या निधींतून २५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम पाडकामावर खर्च झाली. त्यांत भ्रष्टाचारही शिरला. केंद्रीय तपास झाला आणि २०१९ मध्यें लांच घेतल्याबद्दल दोघांनीं गुन्हा कबूल केला. जीं घरें दुरुस्त होण्याजोगीं होतीं तीं लँड बँक नांवाच्या संस्थेमार्फत लिलावानें विकण्यांत आलीं. बोली एक हजार डॉलरांपासून. आणि आपल्या घराला लागून असलेला मोकळा भूखंड शंभर डॉलरांत शेजाऱ्यालाच विकत देण्याची योजना झाली. मला या सर्वांत ही शंभर डॉलरांची योजना सर्वांत शहाणपणाची वाटते. जो मनुष्य सर्व कांहीं सोसून मागें राहिला, त्याच्या पदरांत तिनें कांहीं तरी टाकलें.

कारण सोसण्याचा वाटा सर्वांना सारखा आलेला नाहीं. नादारीच्या तडजोडींत शहराच्या पुष्कळ निवृत्त नोकरांचें मूळ वेतन शेंकडा साडेचार कापलें गेलें, महागाईप्रमाणें होणारी वाढ थांबली, आणि वैद्यकीय खर्चाची हमीही बहुतेक गेली. हें याहून फार वाईट झालें असतें. त्या वेळीं शहराच्या मालकीच्या असलेल्या कलासंग्रहालयांत व्हॅन गॉख आणि ब्रुगेल यांचीं चित्रें आहेत, दिएगो रिव्हेरा यांनीं १९३२-३३ मध्यें रंगविलेल्या कामगारांच्या भव्य भिंती आहेत. सावकारांची नजर त्या संग्रहावर होती. धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनीं मिळून सुमारे ८१ कोटी ६० लाख डॉलर वीस वर्षांत देण्याचें मान्य केलें. त्यामुळें चित्रेंही वांचलीं आणि वेतनाला लागणारी कात्रीही लहान झाली. ही तडजोड घडविण्यांत न्यायाधीशांचा आणि मध्यस्थांचा हात मोठा होता, महापौरांचा नव्हे.

याहून कडू गोष्ट घरपट्टीची. राज्याच्या घटनेप्रमाणें घराची करआकारणी बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक रकमेवर करतां येत नाहीं. डेट्रॉइटमध्यें घरांचे भाव कोसळले, पण आकारणीचे आंकडे खालीं आले नाहींत. २०१० ते २०१६ या काळांत घरमालकांवर किमान ६० कोटी डॉलरांचा जादा बोजा पडला, असें एका वृत्तपत्रानें २०२० मध्यें हिशेब करून दाखविलें. ती पट्टी थकली म्हणून कित्येक कुटुंबांचीं घरें जप्त झालीं. डग्गन यांनीं आकारणी कमी केली आणि २०१७ मध्यें साऱ्या शहराची नवी मोजणी पुरी केली; कित्येक दशकांत ती झालीच नव्हती. परंतु ज्यांच्याकडून जास्त घेतलें त्यांना रोख परत मिळालें नाहीं. ज्या घरांचे लिलाव उत्साहानें होत होते, त्यांपैकीं कांहीं घरांतून माणसें अशाच बेकायदा पट्टीपायीं बाहेर पडलीं होतीं, हें विसरून या कारकिर्दीची आरती ओवाळणें मला तरी शक्य नाहीं.

तथापि आंकड्यांकडेही पाठ फिरवितां येत नाहीं. २०१२ मध्यें शहरांत ३८६ खून झाले होते; २०२४ मध्यें २०३ झाले, म्हणजे १९६० च्या दशकानंतरचा सर्वांत कमी आंकडा. १९८८ पासून भकास उभें असलेलें मिशिगन सेंट्रल रेल्वे स्थानक फोर्ड कंपनीनें २०१८ मध्यें घेतलें आणि तें जून २०२४ मध्यें पुन्हां उघडलें. आणि मे २०२४ मध्यें शिरगणती खात्यानें जाहीर केलें कीं आदल्या वर्षांत शहराची वस्ती वाढली. १९५७ पासून असें प्रथमच घडलें. वाढ किती? दोन हजारांहूनही थोडी कमी. अकरा लाख माणसें गेलीं तेथें दोन हजार आलीं! पण नदीचा प्रवाह उलटतांना प्रथम पाणी नुसतें थांबतें, मग कोठें वळतें.

डग्गन २०१७ आणि २०२१ मध्यें पुन्हां निवडून आले. डिसेंबर २०२४ मध्यें त्यांनीं महापौरपदासाठीं पुन्हां उभें न राहतां, पक्षाचा झेंडा खालीं ठेवून राज्याच्या गव्हर्नरपदासाठीं उभें राहण्याचें जाहीर केलें. पिंग्री यांचीच वाट. नोव्हेंबर २०२५ च्या निवडणुकींत नगरसभेच्या अध्यक्षा मेरी शेफील्ड मोठ्या मताधिक्यानें निवडून आल्या आणि जानेवारी २०२६ मध्यें त्यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. डेट्रॉइटच्या इतिहासांतील त्या पहिल्या स्त्री महापौर. नादारीनें दहा वर्षें थांबविलेला निवृत्तिवेतनाचा हप्ता शहराला २०२३ पासून पुन्हां भरावा लागत आहे. नागरिकांपैकीं तिसरा हिस्सा दारिद्र्यांत आहे. घरांवरील कर कमी करून पडीक जमिनीवर तो अधिक बसवावा, ही डग्गन यांची २०२३ सालची योजना राज्याच्या विधिमंडळांत अडली ती अडलीच. तिला मंजुरी मिळवावयाची तर नव्या महापौरांनाही लॅन्सिंगच्याच पायऱ्या चढाव्या लागणार आहेत.